टेम्पोची कुळकथा

लहान मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देतांना वडील माणसांची फार त्रेधा उडते. परवां आमच्या नातवानें विचारलें, “आजोबा, टेम्पो हा शब्द मराठीच ना?” ‘हो’ म्हणून मोकळे होणार तोंच आम्ही थबकलों. भाजीचा टेम्पो, वऱ्हाडाचा टेम्पो, गणपतीचा टेम्पो! हा शब्द आमच्या बोलण्यांत इतका मुरला आहे कीं, त्याचें कूळ विचारण्याचें कधीं मनांतहि आलें नव्हतें.

तें कूळ जर्मन आहे. हांबुर्ग येथील विडाल अँड सोन या कारखान्यानें १९२८ सालीं ‘टेम्पो’ नांवाचें पहिलें वाहन काढलें. टेम्पो म्हणजे वेग. त्याचें मागील अर्धें अंग सर्वस्वी मोटरसायकलीचें. पुढें मात्र एका चाकाऐवजीं दोन चाकें व त्यांवर मालाची पेटी. चालक मागें खोगिरावर बसून मालाच्या ढिगापलीकडचा रस्ता न्याहाळी. त्याच सालीं जर्मन सरकारनें २०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनांस कर व परवाना माफ केला, आणि लहान व्यापाऱ्यास घोडागाडी सोडण्यास निमित्त मिळालें. पुढें पेटी मागें गेली, एकच चाक पुढें आलें, व १९४९ सालीं ‘हॅन्सीट’ हा नमुना निघाला.

हिंदुस्थानांत १९५८ सालीं बजाज टेम्पो कंपनीनें तो करावयास घेतला. ती उभारणारे नवलमल फिरोदिया हे आमच्या शेजारच्या नगरचे. वकिली व स्वातंत्र्यलढा यांतून उद्योगाकडे वळलेले गृहस्थ. जर्मनींत हॅन्सीट १९५६ सालींच बंद झाला होता. जन्मभूमीनें टाकलेलें मूल आम्ही दत्तक घेतलें आणि २००० सालापर्यंत सांभाळलें. त्याचा भाऊबंद मॅटॅडोर येथें १९६९ सालीं आला. स्पॅनिश भाषेंत मॅटॅडोर म्हणजे बैलाशीं झुंजणारा वीर. आमच्या रस्त्यांवर त्यानें ती झुंज खरोखरच जिंकली.

हॅन्सीटची खुबी पुढल्या चाकांत होती. सुमारें ४०० घनसेंटिमीटरचें इंजिन त्या चाकाशींच जोडलेलें. साखळीनें तें चाकास फिरवी, आणि चाक वळलें कीं इंजिनहि त्याजबरोबर वळे. ओढणारें चाकच आडवें होत असल्यामुळें गाडी जवळजवळ जागच्या जागीं फिरे. आवाज कर्कश, धूर विपुल, वळणावर तोल बेताचाच. हे दोष झांकण्यांत अर्थ नाहीं.

परंतु त्या खुबीचें मोल आम्हांस कळलें तें १९८४ सालीं. गुलमंडीजवळील आमच्या वाड्याची त्या वर्षीं वांटणी झाली. काका वाड्यांतच राहणार होते. आम्हांस घेऊन वडील सिडकोच्या नव्या वसाहतींत निघाले. बोळ इतका चिंचोळा कीं ट्रक तोंडाशींच अडला असता. बैलगाडी आंत येई, पण वळविण्यास बैल सोडावे लागत. टेम्पो मात्र सरळ आंत शिरला, दारापुढें नाक वळवून उभा राहिला, आणि चार खेपांत आमच्या वांट्याचा संसार घेऊन गेला. घंगाळ, फडताळ, पाट, पितळी डबे, सारें यादीप्रमाणें. देव्हारा हमालांच्या हातीं देण्याचें आजीनें साफ नाकारलें; तो मांडीवर घेऊन ती चालकाशेजारीं बसली.

शेवटच्या खेपेस चालकानें इंजिन चालूं ठेवूनच विचारलें, “मालक, हें जातं कुठं टाकायचं?” यादींत जातें नव्हतें. पंधरा दिवस चमच्यावाटीवरून बोललेले दोघे भाऊ अंगणाकडे पाहत उभे राहिले. वडील कांहीं बोलले, परंतु त्या फटफटाटांत तें कोणासच ऐकूं आलें नाहीं. मग काका पुढें झाले, आणि जात्याचा खालचा दगड त्यांनीं स्वतः हमालाबरोबर उचलून टेम्पोंत ठेवला.

हांबुर्गचा तो कारखाना १९६० नंतरच्या दशकांत हानोमाग कंपनीकडे गेला व थोड्याच वर्षांत गाड्यांवरील टेम्पो हें नांव पुसलें गेलें. येथील कंपनीनेंहि २००५ सालीं फोर्स मोटर्स हें नांव घेतलें. आतां चार चाकांची, कोणत्याहि कारखान्याची मालगाडी दारांत आली तरी आम्ही म्हणतों, टेम्पो आला.

नातवानें हें सारें ऐकून घेतलें व विचारलें, “मग तें जातं कुठें आहे?” तें गच्चीवर आहे, तुळशीची कुंडी त्यावर ठेवलेली आहे.