सव्वाचार मिनिटांचं गॅदरिंग

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. हॉस्टेलच्या नेटवर्कवर मल्टिकास्ट बंद करण्यात येत आहे, असा मजकूर. खाली सही, शिक्का. बहुतेकांनी तो मेसच्या मेन्यूसारखा वाचला, म्हणजे वाचलाच नाही! पण मित्रांनो, तो कागद आम्हा तिघांमुळे लागला, म्हणून हा लेखनप्रपंच.

झालं असं. एकांकिका नेहमी शेवटी असते आणि लेडीज हॉस्टेलची इन-टाइम साडेनऊ. नाटकात काम करणाऱ्या मुलींना परवानगी मिळते, त्यांच्या रूममेट्सना नाही. दोन महिने ज्यांनी डायलॉग पाठ करून घेतले, त्यांनीच नाटक बघायचं नाही. (इन-टाइम बदलायला हवी, हा वेगळा मुद्दा. स्ट्रीमिंग हे त्याचं उत्तर नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, रूमवर दिसतंय ना, मग बाहेर कशाला?) तर आम्ही ठरवलं, ऑडिटोरियममध्ये एक कॅमेरा, एक लॅपटॉप, त्यावर व्हीएलसी, आणि नाटक थेट रूमवर.

"यूट्यूबवर लाईव्ह टाक की," असं सगळेच म्हणाले. जरा हिशोब करा. ३ मेगाबिटचा व्हिडिओ ३०० जणांनी लावला तर ९०० मेगाबिट. शंभर पावलांवरचं नाटक आधी कॉलेजबाहेर जाणार आणि तीनशे वेळा परत येणार. आपली लाईन सबमिशनच्या आदल्या रात्री साधी पीडीएफ उतरवताना धापा टाकते, ती काय टिकणार? मल्टिकास्टमध्ये लॅपटॉप एकच प्रत पाठवतो, २३९ ने सुरू होणाऱ्या एका ग्रुप पत्त्यावर. ज्याला बघायचंय त्याचं मशीन "मला पण" असं कळवतं, आणि वाटेतला स्विच फक्त त्या वायरीवर प्रत काढून देतो. तीनशे असोत की तीन हजार, कुठल्याही एका वायरीवर ३ मेगाबिटच. "मला पण" म्हणायचा हा प्रोटोकॉल, म्हणजे आयजीएमपी, स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ मध्येच लिहून ठेवलाय.

आदल्या रात्री टेस्ट घेतली. तीन मिनिटं झकास चाललं, आम्ही टाळ्या दिल्या आणि झोपलो. तिथेच माती खाल्ली.

नाटक सुरू झालं आणि सव्वाचार मिनिटांनी मुलांच्या हॉस्टेलमधली सगळी चित्रं गोठली. प्लेअर बंद करून उघडला की पुन्हा सव्वाचार मिनिटं. कारण नंतर कळलं. "अजून कोणी बघतंय का?" असं नेटवर्कवर कोणीतरी दर १२५ सेकंदांनी विचारायचं असतं. त्याला क्वेरिअर म्हणतात. आपल्याकडे तो कुठेच चालू नव्हता. कोणी विचारत नाही म्हणून कोणी उत्तर देत नाही, आणि २६० सेकंद उत्तर आलं नाही की स्विच समजतो, सगळे उठून गेले.

लेडीज हॉस्टेलची कथा याहून वाईट. तिथलं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर आहे. मल्टिकास्टच्या पॅकेटचा टीटीएल, म्हणजे त्याने किती राउटर ओलांडायचे तो आकडा, मुद्दाम काही न सांगता १ असतो. आमचं पॅकेट कोअर स्विचपाशीच संपलं. वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला, "अरे, काळंच दिसतंय." मी म्हटलं, बंद करून परत उघड. त्या बिचाऱ्या नाटक संपेपर्यंत बंद करून उघडत बसल्या. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्यांनी एक फ्रेमही पाहिली नाही.

आणि नोटीस ज्यामुळे लागली ते प्रकरण. दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या स्विचला कोण बघतंय, कोण नाही हे कळत नाही. त्या मजल्यावर एकाने प्लेअर लावला की तो सगळ्या पोर्टवर ओततो, वाय-फायच्या डब्यांवरसुद्धा. वाय-फायवर मल्टिकास्ट सगळ्यात हळू मशीनलाही झेपेल अशा वेगाने जातं, बऱ्याच ठिकाणी १ किंवा ६ मेगाबिटने. त्यात आमचा ३ मेगाबिटचा व्हिडिओ! मजल्याचं वाय-फाय झोपलं आणि फायनल इयरच्या एका सीनियरचा ऑनलाइन इंटरव्ह्यू अर्ध्यात तुटला. त्याची माफी मी रूमवर जाऊन मागितली आहे, इथेही मागतो.

म्हणजे चूक आमची होती, आणि कॉम्प्युटर सेंटरचं चिडणं रास्त होतं. पण सरसकट बंदी हे उत्तर मला पटत नाही. एक म्हणजे त्या दिवसापासून रीडिंग रूमचा प्रिंटर लॅपटॉपला आपोआप सापडत नाही. तोही मल्टिकास्टनेच हाक मारतो! दुसरं म्हणजे दुरुस्ती फार मोठी नाही. कोअर स्विचवर क्वेरिअर चालू करायचा. दोन हॉस्टेलच्या मध्ये पीआयएम लावायचा, आणि टीटीएल आम्ही वाढवतो. व्हिडिओचा ग्रुप वाय-फायवर बंद ठेवायचा. रूममधल्या लॅनच्या पोर्टांवरची जाळी झटकायची, एवढंच. दुसऱ्या मजल्याचा स्विच बदलेपर्यंत तो मजला यातून वगळा. (मी तिथेच राहतो, तरी म्हणतोय.)

आणि मॅच लावणार नाही. त्याचे हक्क आपल्याकडे नाहीत, हे आम्हालाही कळतं.

ज्या व्हीएलसीवर आपण सगळे सिनेमे बघतो, तो पॅरिसच्या एकोल सांत्राल कॉलेजमधल्या पोरांचा प्रोजेक्ट. निवासाचं नेटवर्क जुनं टोकन रिंग, गेम खेळताना रखडायचं. नवीन नेटवर्कला पैसे मिळावेत म्हणून त्यांनी सॅटेलाइट टीव्ही नेटवर्कवरून रूमवर दाखवायचं मनावर घेतलं, १९९६ च्या सुमारास. २००१ मध्ये तो जीपीएलखाली सगळ्यांना खुला झाला. त्याच्या आयकॉनवरचा नारिंगी शंकूसुद्धा तिथल्या पोरांनी रस्त्यावरून गोळा केलेल्या शंकूंवरून आलाय. त्यांनीही किती वेळा नेटवर्क पाडलं असेल, देव जाणे.

तर सर, रविवारी मेसच्या फीस्टनंतर दुपारी नेट रिकामं असतं. आम्हाला अर्धा तास द्या, आणि सेंटरमधलं कोणीतरी शेजारी बसू दे. यावेळी टेस्ट तीन मिनिटांची नसेल. लेडीज हॉस्टेलमधली तीच मैत्रीण घड्याळ लावून बसायला तयार आहे.