पट्टा तुटण्याची वाट कशाला पाहायची?



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणे, खत, पाणी यांवरच लिहितो. या खेपेस मोटारीवर लिहीत आहोत, म्हणून कोणी हसेलही. खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय मोटारीचा असला तरी पैसा उसाचाच आहे.

मागे एका आडसाली हंगामात लागणीच्या नोंदी घेत आम्ही गटात फिरत होतो. एका वस्तीवर पाहिले, तर सरी पडलेली, बेणे ठरलेले, पण लागण थांबलेली. विचारले तर सभासद म्हणाले, "काय सांगू साहेब, बेण्याचे अन् खताचे पैसे गाडीनं खाल्ले." त्यांचा धाकटा मुलगा शिर्डीत भाविकांची गाडी चालवतो. शनिशिंगणापूरचे भाडे घेऊन निघाला असता राहुरीच्या अलीकडे धावती गाडी एकाएकी बंद पडली. पोराने चार-पाच वेळा स्टार्टर मारून पाहिला. गाडी ओढून गॅरेजला नेली तेव्हा समजले की आतला टायमिंग बेल्ट तुटलाय. व्हॉल्व्ह वाकले, पिस्टनला मार बसला, हेड उतरवावे लागले. बापाने उसाच्या बिलातून लागणीसाठी राखलेली रक्कम गॅरेजवाल्याच्या हातावर ठेवली. आडसाली हुकली, ऊस पूर्वहंगामीत गेला. गाडी जुनी घेतलेली होती. बेल्ट कधी बदलला होता, हे घेताना कोणी विचारलेच नव्हते.

हा बेल्ट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनात खाली क्रँक फिरतो, त्यावर पिस्टन वरखाली होतात. वर कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्हची उघडझाप करतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. ही दोघांची जोडी जुळवून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. डिझेल इंजिनात पिस्टन अगदी वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम एखाद्या मिलिमीटरची जागा उरते. पट्टा तुटला की कॅम जागीच थांबतो, व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि खालून पिस्टन त्यांवर आदळतो. पुढचे सांगायला नको.

आपल्या मंडळींचा यात घोटाळा होतो तो ट्रॅक्टरमुळे. ट्रॅक्टरच्या इंजिनात हे काम तेलात बुडालेले गिअर करतात. त्याच्या बाहेर दिसतो तो फॅन बेल्ट. तो सैल झाला की किरकिरतो, तुटला तर इंजिन तापते. वेळीच थांबलो तर निभावते. जुन्या अँबॅसिडर आणि पद्मिनीत टायमिंगची साखळी होती. म्हणून वडीलधाऱ्यांना "पट्टा बदलायचा" हे ऐकूनच माहीत नाही. दातेरी पट्ट्याची पहिली मोटार जर्मनीत ग्लास कंपनीने १९६२ च्या सुमारास विकायला आणली. पट्टा हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा, म्हणून पुढे तो पुष्कळ गाड्यांत आला. आपल्याकडे इंडिका डिझेलला पट्टा होता. २००५ साली आलेल्या जुन्या २.५ डिझेल इनोव्हालाही पट्टाच आहे, तो एक लाख किलोमीटरला बदलतात. २०१६ च्या क्रिस्टा डिझेलला मात्र साखळी आहे. तेव्हा आपल्या गाडीत काय आहे, हे आधी विचारून घ्यावे.

आता शिर्डीचा हिशोब पाहा. शिंगणापूर जाऊन-येऊन सुमारे १४० किलोमीटर. महिन्याला २५ फेऱ्या धरल्या तर ३,५०० किलोमीटर झाले. म्हणजे अडीच वर्षांच्या आत लाख पुरा! घरची गाडी मात्र कमी फिरते, पण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. म्हणून माहितीपुस्तकात किलोमीटर आणि वर्षे दोन्ही दिलेली असतात. त्यांतले जे आधी भरेल ते धरायचे.

"चालतंय तोवर चालू द्या, उगा कशाला खोलायचं," असे सांगणारे गावोगाव भेटतात. आम्हांस ते मान्य नाही. हा पट्टा झाकणाआड असतो आणि बहुधा सूचना न देताच जातो. आपला कारखाना बंद हंगामात मिल का खोलतो? मोडली म्हणून नव्हे, गाळप चालू असताना मोडू नये म्हणून. तेव्हा त्या खर्चावर कोणी सभासद वार्षिक सभेत हरकत घेत नाही. बेणे तीन वर्षांनी बदला, असे आम्ही सांगतो तेही ऊस उभा दिसत असतानाच. कारखान्याला आणि शेताला जो न्याय, तोच घरच्या गाडीला का नको?

खर्च आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण पट्ट्याचा खर्च आपण ठरवू त्या दिवशी येतो. इंजिनाचा खर्च त्याला वाटेल त्या दिवशी येतो, आणि बहुधा लागणीच्या तोंडावरच!

तेव्हा आमचे सांगणे इतकेच :

जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याची पावती मागावी. पावती नसेल तर बदलला नाही असेच समजावे आणि तो खर्च किमतीत धरावा.

पट्ट्याबरोबर त्याचा टेन्शनर आणि पुल्या बदलाव्यात. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही पाहून घ्यावा. नाहीतर थोड्या दिवसांत तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

बदलल्याची तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावे.

धावती गाडी अचानक बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. उरलेसुरले व्हॉल्व्हही त्यातच जातात.

कारखान्याच्या वाहन विभागातील मेस्त्रींनी बंद हंगामात प्रत्येक गट कचेरीवर एक दिवस बसून सभासदांच्या मुलांना हे समक्ष दाखवावे, अशी संचालक मंडळास आमची विनंती आहे. आज घरोघरची एक-दोन पोरे भाविकांच्या वाहतुकीवर आहेत. त्यांची गाडी थांबली की बापाची सरी कोरडी पडते, हे आम्ही बांधावर उभे राहून पाहिले आहे.

पुढच्या बिलाची रक्कम हाती येईल तेव्हा बेणे, खत, पाणीपट्टी यांच्या खाली एक ओळ आणखी लिहावी : गाडीचा पट्टा.

— ऊस विकास अधिकारी