निवाडा कोणत्या जागेवरून?

विवाहबाह्य प्रेमावरील एखादा चित्रपट पाहून झाला म्हणजे घरांत जो वाद माजतो, त्याकडे मी पुष्कळ दिवस कुतूहलानें पाहत आलों आहें. हा वाद चित्रपटाविषयीं आहे असें वाद करणारांस वाटतें. नटांचीं कामें कशीं वठलीं, गाणीं किती होतीं, शेवट पटला कीं नाहीं, असा प्रारंभ होतो खरा; परंतु घटकाभरांत चित्रपट मागें राहतो, आणि कोणी सासूच्या जागेवरून, कोणी सुनेच्या, कोणी मिळवत्या पुरुषाच्या जागेवरून निवाडा देऊं लागतो. न्यायासनावर बसलेल्यांपैकीं एकासही आपण वादी आहों कीं प्रतिवादी याचें भान नसतें.

आमच्या पुणतांब्यास गोदावरीचा घाट आहे, चांगदेवांची समाधि आहे, आगगाडीचें जंक्शन आहे. वादाची जागा मात्र घरोघर दूरचित्रवाणीपुढेंच. मागें एका आठवड्यांत आमच्या एकत्र कुटुंबानें दोन चित्रपट पाहिले, आणि त्या दोहोंवरील मतें मीं मनांत जुळवून पाहिलीं.

पहिला 'उंबरठा'. डॉ. जब्बार पटेल यांचा १९८२ सालचा हा चित्रपट शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून घेतलेला असून पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. सुलभा महाजन ही सुशिक्षित सून. नवरा वकील, सासू समाजकार्यांत मान्यता पावलेली, जावेला मूल नसल्यानें सुलभेच्या मुलीवर तिचा जीव. घर खाऊनपिऊन सुखी. सुलभा परगांवच्या स्त्री-सुधारगृहाची अधीक्षिका होऊन जाते, तेथील अनाचाराशीं झगडून थकून परत येते, तों नवरा सांगतो कीं, तुझ्या पाठीमागें माझा दुसऱ्या एका स्त्रीशीं संबंध जडला आहे. तो तोडण्याची त्याची तयारी नाहीं. घरांतलें तुझें स्थान मात्र कायम आहे, असें त्याचें म्हणणें. सुलभा घर सोडते. स्मिता पाटील आणि गिरीश कार्नाड यांचीं कामें इतकीं संयमाचीं आहेत कीं, कोणावर रागवावें हें प्रेक्षकास पडद्यावरून कोणी सांगत नाहीं.

म्हणूनच वाद माजला. आमच्या वडील भगिनी आक्का यांनीं तत्काळ निकाल दिला: "बायको महिनेन्‌महिने घराबाहेर राहिली, तर पुरुषाचें दुसरें काय व्हायचें?" धाकट्या बंधूंनीं सुभाषच्या पदरांत एक गुण टाकला; त्यानें खोटें सांगितलें नाहीं, विचारण्याआधींच सांगितलें. भावजयीचा रोष सासूवर: जगाच्या दुःखावर सभा भरवायच्या आणि आपल्या सुनेचें मन कळूं नये, हें कसलें समाजकार्य? आमच्या सूनबाई सहसा वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत पडत नाहींत, त्या एवढेंच म्हणाल्या, "तिला राहा म्हणणाऱ्यांनीं तिच्या खोलीचें काय, तें सांगावें." यावर कोणी उत्तर दिलें नाहीं.

दुसरा चित्रपट हिंदी, करण जोहर यांचा २००६ सालचा 'कभी अलविदा ना कहना'. तीन तासांहून लांब आणि न्यूयॉर्कमध्यें घडणारा. पायाला दुखापत होऊन खेळ सुटल्यामुळें कडवट झालेला देव आणि शिक्षिका असलेली माया हीं दोघें आपापले संसार सांवरण्यासाठीं म्हणून एकमेकांचा सल्ला घेऊं लागतात आणि सल्ला घेतां घेतां प्रेमांत पडतात. देवची बायको रिया मासिकाची संपादिका, मिळवती. मायेचा नवरा ऋषि हौशी, प्रेमळ, तोही आपल्या धंद्यांत गुंतलेला. शेवटीं दोन्हीं घरें मोडतात आणि कांहीं वर्षांनीं देव व माया एकत्र येतात. प्रदर्शित झाला तेव्हांपासून या चित्रपटानें प्रेक्षकांत दोन तट पाडले. कोणास तो धीट वाटला, कोणास निर्लज्ज.

आमच्या घरांत येथें तट फिरले. आक्का मायेवर संतापल्या: "हिला काय कमी होतें? नवरा जीव टाकतो, सासरा मुलीसारखें वागवतो!" त्याच सासऱ्यानें मृत्युशय्येवरून सुनेला 'तूं माझ्या मुलाला सोड' असें सांगावें, हें भावजयीच्या गळीं उतरेना. पुतण्याचें म्हणणें असें कीं, साऱ्या चित्रपटांत खरा अन्याय ऋषीवरच झाला. सूनबाईंकडून मला प्रेमिकांची बाजू अपेक्षित होती. परंतु त्यांनीं त्या दोघांस मुळींच क्षमा केली नाहीं. त्यांचा आक्षेप प्रेमावर नव्हता. संसार सांवरण्याच्या मिषानें भेटावयाचें आणि घरीं येऊन तोंड चुकवावयाचें, हें जें दीर्घकाळ चालतें त्यावर होता. बंधूंस मात्र देवविषयीं थोडी कणव आली: "बायको सदा कामांत. घराकडे लक्ष नको?"

येथें मीं कान टवकारले. सुलभा कामांत होती म्हणून सुभाषला क्षमा. रिया कामांत होती म्हणून देवची कींव. ऋषीही कामांतच होता. 'नवरा कामांत गुंतलेला, मग मायेनें काय करावें' असें मात्र दोन्हीं संध्याकाळीं एकाच्याही तोंडून निघालें नाहीं. पुरुषाच्या चुकीला कारण शोधलें जातें, आणि तें बायकोच्या वागण्यांत सांपडतें. स्त्रीच्या चुकीचें कारण शोधण्याची गरजच कोणास भासत नाहीं. शोधलेंच तर तें तिच्या स्वभावांत सांपडतें.

चित्रपटकारांस यांत सर्वस्वीं दोषी धरतां येत नाहीं. हा हिशेब फार जुना आहे. आमचें संस्कृत नाट्यवाङ्मय उघडून पाहावें. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'त उर्वशीचें भूर्जपत्र राणी औशीनरीच्या हातीं लागतें. ती आधीं कोपते, मग व्रत करून चंद्राच्या साक्षीनें पतीच्या प्रियेशीं गोडीनें वागण्याचें वचन देते, आणि त्यानंतर रंगभूमीवर पुन्हां येत नाहीं. 'मालविकाग्निमित्रां'त धारिणी स्वतःच मालविकेचा हात राजाच्या हातीं देते. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त गणिका वसंतसेना शेवटीं राजाज्ञेनें चारुदत्ताची वधू होते आणि धर्मपत्नी धूता तिला भगिनी म्हणते. देवलांनीं हेंच नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणलें, आणि आमच्या आधींच्या पिढ्यांनीं वसंतसेनेच्या पदांवर माना डोलावल्या. धूतेची आठवण कितीजणांस राहिली असेल?

त्या कवींस ही सोय होती कीं दुसरी स्त्री घरांत आणतां येत असे. संबंध 'बाह्य' उरतच नसे. उंबरठ्याच्या आंत घेतला कीं प्रश्न मिटला. मुंबई इलाख्यांत १९४६ च्या कायद्यानें हिंदु पुरुषास पहिली पत्नी असतां दुसरी करण्यास बंदी झाली आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ती सर्वत्र लागू झाली. तेव्हांपासून कथाकारापुढें तीनच वाटा उरल्या: नायकानें परत यावें, बायकोनें निघून जावें, कीं दोन्हीं घरें मोडावीं. यश चोप्रांच्या 'सिलसिला'नें १९८१ त पहिली वाट धरली, 'उंबरठ्या'नें दुसरी, करण जोहरांनीं तिसरी.

कायद्याचेंही डोळे उघडावयास वेळ लागला. १८६० च्या दंडसंहितेचें ४९७ वें कलम असें होतें कीं, परस्त्रीशीं संबंध ठेवणाऱ्या पुरुषाविरुद्ध त्या स्त्रीच्या नवऱ्यास फिर्याद करतां येई. नवऱ्याची संमति असली तर गुन्हाच नाहीं. ज्या बायकोचा नवरा बाहेर जाई, तिला मात्र फिर्यादीचा मार्ग नव्हता. म्हणजे अपराध मानला जाई तो नवऱ्याच्या मालकीविरुद्ध. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम वैध ठरविलें. तो निर्णय सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचा. २७ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें तें घटनाबाह्य ठरवून रद्द केलें, आणि त्या पीठावर त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. एका घरांत पित्याचा निवाडा एक आणि पुत्राचा दुसरा, हें पाहून आमच्या ओसरीवरील मतभेदांचें मला फारसें नवल वाटत नाहीं. फारकतीस मात्र व्यभिचार हें कारण आजही आहे, आणि तें उभयतांस सारखें आहे.

आतां, एवढा काथ्याकूट मीं मासिकाच्या पानावर कां आणला, तें सांगावयास हवें. 'उंबरठा' पाहिला त्या रात्रीं आमच्या ओसरीवर आणखी एकजण बसली होती. माझ्या चुलतबंधूंची मुलगी दोन महिन्यांपासून 'विश्रांतीसाठीं' आमच्याकडे आली होती. विश्रांतीचें खरें कारण मला, आमच्या कुटुंबास आणि आक्कांस ठाऊक होतें. तिच्या नवऱ्याचें मन बाहेर गुंतलें होतें. आक्कांना तें ठाऊक असून त्यांच्या तोंडून तें वाक्य निघालें, कारण त्या सुलभेविषयीं बोलत होत्या. समोर कोण बसलें आहे इकडे लक्ष नव्हतें. मुलगी उठून पाण्याचा तांब्या भरावयास गेली आणि बराच वेळ आली नाहीं.

चित्रपटावरील मत ही निरुपद्रवी गोष्ट आहे असें आपण मानतों. पण भरल्या घरांत कोणी ना कोणी तें मत स्वतःला लावून पाहत असतो. 'मी उद्यां परत आलें तर हीं माणसें काय म्हणतील' या प्रश्नाचें उत्तर मुलींस आईबापांकडून मिळत नाहीं. तें त्या अशा संध्याकाळीं ऐकून ठेवतात. चांगदेव चौदाशें वर्षे जगले म्हणतात, आणि तरी त्यांचें पत्र कोरेंच राहिलें. मोठ्या वयाच्या माणसांनीं हें आपल्याच गांवीं विसरूं नये.

त्याच वर्षीं, म्हणजे १९८२ त, महेश भट्ट यांचा 'अर्थ' आला. पश्चात्ताप पावून परतलेल्या नवऱ्यास त्यांतील पत्नी विचारते कीं, मीं असें केलें असतें तर तुम्ही मला घरांत घेतलें असतें काय? तो नाहीं म्हणतो, आणि ती दार मिटते. चित्रपटकलेच्या दृष्टीनें त्यांत उणें काय आहे तें जाणकार सांगोत. परंतु माझ्या मतें अशा कोणत्याही कथेवर बोलण्याआधीं हा प्रश्न घरांतल्या प्रत्येकानें स्वतःस विचारावा: पात्रांची अदलाबदल केली तर माझा निकाल हाच राहील काय? सूनबाईंचा राहिला होता. त्यांस दोन्हीं चित्रपटांत खुपलें तें एकच, जोडीदाराचें फसविलें जाणें. सुभाषनेंही जें सांगितलें तें फार उशिरा, असें त्या नंतर म्हणाल्या. बंधूंस तो गुण तितका मोठा मग वाटला नाहीं.

पुतणीनें पुढें कांहीं दिवसांनीं माझ्याकडून धूतेची गोष्ट काढून घेतली. मीं सांगितलें कीं, वसंतसेनेनें विश्वासानें ठेवलेले दागिने चोरीस गेले तेव्हां नवऱ्याची अब्रू राहावी म्हणून धूतेनें आपली माहेरची रत्नावली काढून दिली, आणि तीही व्रताचें निमित्त करून विदूषकाच्या हातीं, नवऱ्यास संकोच वाटूं नये म्हणून.

"माहेरची?" तिनें विचारलें.

"हो. नाटकांत तसें स्पष्ट आहे."

"मग ती तिचीच होती. काका, माझें सगळें तिकडेच आहे."

आक्का शेजारीं वाती वळीत होत्या. त्यांनीं वाती ठेवल्या, मला कागद आणावयास सांगितला, आणि लग्नांत काय काय घातलें होतें तें पाटल्यांपासून जोडव्यांपर्यंत एकेक आठवून सांगूं लागल्या. यादी माझ्या अक्षरांत झाली. वजनें आक्कांस तोंडपाठ होतीं.