जुन्या गाडीचा हिशेब एकट्या मालकाचा नाही

‘गाडी किती पळाली आहे?’ सेकंड हँड गाडीच्या बाजारात हा पहिला प्रश्न असतो आणि पहिले खोटे उत्तरही बहुधा यालाच मिळते. नवी गाडी परवडत नाही म्हणून लाख-सव्वा लाख किलोमीटर पळालेली गाडी कर्ज काढून घेणारी कुटुंबे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यात कमीपणा कसला? चालती गाडी भंगारात न घालता आणखी काही वर्षे वापरणे हे शहाणपणच आहे. पण तिच्यात काय भरायचे, काय बदलायचे, हा ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ मानून सरकार, विक्रेते आणि आपण सारेच हात झटकतो. गाडी एकाची असली तरी रस्ता सगळ्यांचा आहे. म्हणून हे मुद्दे.

१. मीटर मागे फिरवणे ही धंद्यातली रीत नव्हे, फसवणूक आहे. डिजिटल मीटर आल्यावर हा प्रकार थांबायला हवा होता. आता तो लॅपटॉप जोडून होतो, एवढाच फरक. नुकसान केवळ किमतीचे नसते. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, तिथे तो कधी बदलायचा हे किलोमीटरवर ठरते. मीटर दाखवते साठ हजार, गाडी पळालेली असते एक लाख चाळीस हजार. नवा मालक निर्धास्त. मग एक दिवस बेल्ट तुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि महामार्गाच्या मधल्या लेनमध्ये इंजिन बंद पडते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराने कोणाचे काय बिघडवले होते? बेल्जियममध्ये २००६ पासून ‘कार-पास’ आहे : गॅरेजने कामाच्या वेळी मीटरचा आकडा कळवायचा आणि जुनी गाडी विकताना त्या नोंदींचा कागद खरेदीदाराच्या हाती द्यायचा. आपल्याकडेही पीयूसी होते, विमा होतो, सर्व्हिसिंग होते. दर वेळी मीटर कोणाच्या तरी डोळ्यांसमोर असते. हे आकडे ‘वाहन’ पोर्टलवर ओळीने लावून खरेदीदाराला का दाखवले जात नाहीत? तोवर, सर्व्हिसची बिले हातात नसतील तर मीटरवर भरवसा ठेवू नका. बेल्ट, इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट सगळे बदलायचेच आहे असे धरून किंमत बोला. बिले दाखवायला जो कां-कू करतो, त्याने उत्तर दिलेलेच असते.

२. टाकीत काय पडते, हे ठरवण्याचा हक्क मालकाला उरलेला नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते. ते अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये गाठलेही. ई-२० पेट्रोल सोसणारे भाग नव्या गाड्यांत आले ते एप्रिल २०२३ पासून. त्याआधीची तुमची-आमची गाडी या इंधनासाठी बनलेलीच नव्हती. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, हा अंदाज नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालातला आहे. म्हणजे लिटरला १५ देणारी गाडी १४ वर येते. त्याच अहवालाने अशा इंधनाचा दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवा, असेही सुचवले होते. आता उत्तर मिळते की इथेनॉलच महाग पडते. असेल, पण मग तो भार फक्त जुन्या गाडीवाल्याने का उचलायचा? कोल्हापूर-सांगलीच्या ऊस उत्पादकाशी आमचे भांडण नाही. परकीय चलन वाचते, तेही मान्य. पण ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितले की काही जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि ते काम स्वस्तातले आहे. स्वस्तातले असेल तर ते कंपन्यांकडून करून द्या! इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, तेव्हा तूर्त सावधगिरी आपल्यालाच बाळगायची आहे. गाडी घेतल्याबरोबर टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप तपासून घ्या, फ्युएल फिल्टर बदला. पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच थांबवा. इथेनॉल ओलावा ओढते, म्हणून पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीने महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. महागडे ‘प्रीमियम’ पेट्रोल भरले की इथेनॉल टळते, हाही भ्रमच. बहुतेक प्रीमियम पेट्रोलमध्येही ते असते. डिझेलवाल्यांसाठी एवढेच : एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला सलग, वेगात धाव लागते. रोज चार किलोमीटर दुकानापर्यंत जाणाऱ्याला ‘डिझेल स्वस्त पडेल’ म्हणून अशी गाडी गळ्यात मारणारा एजंट त्याचे हित पाहत नाही.

३. पंपावर पाच लिटरचे शिक्कामोर्तब केलेले माप असते आणि ग्राहक ते मागू शकतो. २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. फिल्टर पेपरने पेट्रोल तपासून मागता येते. टायरमधली हवा मोफत. मागे रांग लागते म्हणून आपण हे मागत नाही आणि न मागितलेला हक्क पंपचालक कशाला आठवून देईल?

४. घाटांच्या राज्यात ब्रेक आणि कूलंट हे खासगी विषय असूच शकत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. जुने झाले की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. सपाटीवर काही कळत नाही. बोरघाट किंवा कसारा उतरताना सतत पाय ब्रेकवर राहिला की ते तापते, आत बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचे, हे किती मालकांना ठाऊक असते? रेडिएटरचेही तेच. कूलंटच्या जागी बोअरचे पाणी ओतत राहिले की आत क्षार धरतात, गंज चढतो आणि चढणीला काटा लाल रेषेवर जातो. घाटात वाफ सोडत उभ्या राहिलेल्या एका गाडीमागे रुग्णवाहिकाही अडकते. त्यातून आणखी एक घातक सवय : उतारावर गाडी न्यूट्रल करून ‘पेट्रोल वाचवणे’. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत ती गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंधन जवळपास बंदच होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळतच राहते. वाचत काहीच नाही. जाते ते इंजिनचे ब्रेकिंग, आणि मग सारा भार त्या जुन्या ब्रेक ऑइलवर. इंजिन ऑइलबद्दल ‘थोडे कमी झालेय, टॉप-अप करू’ असे म्हणणाऱ्या मिस्त्रीला एवढेच विचारावे : कमी झाले ते गेले कुठे? गळते की जळते? याचे उत्तर न शोधता फक्त वरून ओतणे म्हणजे बिघाड पुढच्या प्रवासावर ढकलणे.

५. टायर गोटा झाले की बदलतात. पण नक्षी शाबूत असूनही रबर म्हातारे झालेले असते, ते कोण पाहतो? टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर, ताशी १२० च्या वेगात, मे महिन्याच्या उन्हात हवा कमी असलेला जुना टायर फुटतो तेव्हा त्याला ‘नशीब’ म्हणू नये.

६. काढलेले काळे तेल जाते कुठे? २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचरा आहे आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. प्रत्यक्षात ते गॅरेजमागच्या नाल्यात जाते, नाहीतर कोणी वाळवीवर उपाय म्हणून लाकडाला फासायला नेते. गॅरेजला परवाना देणाऱ्या नगरपालिकेने तेलाच्या पिंपाचा हिशेब मागितला, तर नाल्याकाठच्या विहिरी वाचतील.

७. शेवटी कागद. गाडी विकली पण आरसीवर नाव जुनेच राहिले, तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडूनच मागितली जाते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. तरी सह्या केलेले फॉर्म एजंटच्या खणात महिनोन्‌महिने पडून राहतात. यावर नियमही आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचे अधिकारपत्र लागते. गाडी ताब्यात आल्याचे कळवले की ती नावावर होईपर्यंत जबाबदारी त्याचीच असते आणि तिची प्रत्येक फेरी, चालक, वेळ, किलोमीटर त्याने नोंदवहीत लिहायचे असते. आपल्या शहरात रिंग रोडच्या कडेला झेंडे लावून उभ्या असलेल्या किती विक्रेत्यांकडे हे अधिकारपत्र आहे? ज्यांना दिले त्यांची यादी आरटीओने आपल्या दारावर लावावी. एका कागदाचे काम आहे. ते होत नसेल तर का होत नाही, हे परिवहन आयुक्तांना विचारायला हवे.