शंभर टक्के म्हणजे नक्की किती?

फ्लूच्या नव्या लशीची बातमी आली की आमच्या गोतावळ्यात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "धडधाकट माणसांवर प्रयोग? गिनिपिग केलंय लोकांना!" दुसरा म्हणतो, "चाचणी झालीये ना, मग शंभर टक्के सुरक्षित." मला राग येतो तो दुसऱ्याचा.

पहिल्याला निदान उत्तर देता येतं. लस मुळात निरोगी माणसालाच टोचायची असते. तापाने फणफणलेल्याला दिली तर नंतरचा ताप लशीचा की दुखण्याचा, कसं कळणार? म्हणून धडधाकट लोक घ्यायचे, काहींना लस, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं ते टोचून घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गंमत म्हणजे मिठाच्या पाण्यानेही काहींचं डोकं दुखतं! दोन्ही गटांत जो फरक उरेल, तो लशीचा.

पण हे शंभर टक्केवाले... साधा हिशोब आहे हो. ३,००० लोकांना लस दिली आणि एकालाही गंभीर त्रास झाला नाही, तर एवढंच म्हणता येतं की असा त्रास बहुधा हजारात एकापेक्षा जास्त जणांना होत नसावा. लाखात एकाला होणारा त्रास त्यात दिसणार कुठून?

अमेरिकेत १९७६ साली हेच झालं. स्वाइन फ्लूच्या धास्तीने लस काढली, चाचण्या केल्या, सुमारे साडेचार कोटी लोकांना टोचली. मग गियाँ-बारे सिंड्रोमचे (हातापायांतली ताकद जाते त्यात) रुग्ण वाढलेले दिसले, लस घेतलेल्या लाखामागे साधारण एक जादा. डिसेंबरात मोहीम थांबवली. आणि साथ आलीच नाही!

साथ आली असती तर लाखात एक ही जोखीम मी डोळे झाकून घेतली असती. पण मग तसं सांगा ना.

पुणेकरांना २००९ चा ऑगस्ट आठवत असेल. पुढच्याच वर्षी पुण्यातच बनलेली, नाकात फवारायची लस आली. त्या साथीत गरोदर बायकांना धोका मोठा, पण ही कमजोर केलेल्या जिवंत विषाणूची लस, म्हणजे नेमकी त्यांनाच द्यायची नाही! निरोगी प्रौढांवरच्या चाचणीत गरोदर बाई नसते, दमेकरी आजोबा नसतात. मग "सगळ्यांसाठी सुरक्षित" कशाच्या जोरावर म्हणायचं?

खरी चाचणी लस बाजारात आल्यावर सुरू होते. लस घेऊन आठ दिवस झाल्यावर "काही त्रास झाला का?" असा फोन मला तरी आजवर आलेला नाही. तुम्हाला आला असेल तर कळवा.