आधीं यादी, मग मत

मतदानाच्या दिवशीं रानांतलें काम टाकून बायकामाणसांसह केंद्रावर जावें, उन्हांत तासभर उभें राहावें, आणि आंत गेल्यावर "तुमचें नांव यादींत नाहीं" एवढें ऐकून माघारीं यावें, हा प्रकार आमच्या गांवोगांव घडतो. मग गांवकरी समोरच्या अधिकाऱ्यावर चिडतात. पण त्या दिवशीं चिडून उपयोग नाहीं. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली कीं त्या निवडणुकीसाठीं यादींत नवें नांव चढत नाहीं, असा कायदाच आहे. पेरणीचे दिवस झोपेंत घालवून सुगीला खळ्यावर जाणाऱ्या कुणब्याची जी गत, तीच ही.

१९१९ च्या कायद्याच्या काळांत खेड्यांत मत होतें तें मुख्यतः ठराविक शेतसारा भरणारास. मजुरानें व बलुतेदारानें नुसतें पाहावें. १९५० सालीं घटनेनें ही अट मोडली. सुताराचें मत आणि सावकाराचें मत एका मापाचें केलें. तरीहि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सुमारें २८ लक्ष बायांचीं नांवें यादींतून गळालीं, बहुतेक उत्तरेकडील प्रांतांत. कारण काय? त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेंच सांगितलें होतें. हक्क कायद्यांत होता, पण यादींत नव्हता!

आजहि गळतात ते आमचेच लोक. सासरीं आलेल्या सुनेचें नांव माहेरच्या यादींत राहतें. वयांत आलेल्या पोरास कोणी सांगत नाहीं. मेलेला म्हातारा मात्र यादींत जिवंत असतो. ग्रामपंचायतीची यादीहि विधानसभेच्याच यादीवरून होते. म्हणजे येथें नांव नसेल, तर ग्रामसभेंत हात वर करण्याचा हक्कहि नाहीं.

उपाय एका संध्याकाळचा आहे. गांवांतील शिकलेल्या पोरांनीं यादी मिळवून चावडीवर मोठ्यानें वाचावी, आणि प्रत्येक घरानें आपलीं माणसें मोजावीं. नवें नांव घालण्यास नमुना ६, मेलेल्याचें नांव काढण्यास नमुना ७, चूक सुधारण्यास किंवा पत्ता बदलण्यास नमुना ८ भरावा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर यांपैकीं ज्या तारखेस १८ वर्षें पुरीं होतात, त्या तारखेपासून पोर मतदार होऊं शकतें. अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे गांवांत ज्यास बीएलओ म्हणतात त्याजकडे, द्यावा. ओळखपत्र घरांत आहे म्हणून निर्धास्त राहूं नये. तें नसल्यास आधार, रोजगार हमीचें जॉबकार्ड किंवा फोटोचें बँक-पासबुक चालतें. पण यादींत नांव नसेल तर कोणताच कागद चालत नाहीं.

ऊसतोड बांधवांचें दुखणें निराळें. विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजीं झालें, म्हणजे बीडकडील कुटुंबें कोयते बांधून निघतात त्याच दिवसांत. कायदा मजुरास मतदानाची पगारी सुटी देतो; पण शंभर कोसांवरच्या फडांतून एका दिवसांत गांवीं जाऊन परतणें होत नाहीं. म्हणून उचल घेतांनाच मुकादमाशीं सुटीची व एस.टी.च्या भाड्याची बोली करावी. उमेदवाराच्या गाडीची वाट पाहूं नये. मतदारांस केंद्रावर फुकट नेण्याआणण्यासाठीं उमेदवारानें गाडी लावणें हा कायद्यानें भ्रष्ट आचार आहे, आणि ज्याच्या गाडींत बसावें त्याचें मिंधेपण मतापर्यंत पोंचतें.

मत कोणास द्यावें, हें आम्ही सांगत नाहीं. तें ज्याचें त्यानें ठरवावें. पण ज्यांचीं नांवें यादींतच नाहींत, त्यांच्या दाराशीं पाणी, रस्ता आणि शाळा विचारायला कोणता पुढारी येणार? तेव्हां बंधुभगिनींनो, निवडणुकीचा नगारा वाजण्याची वाट पाहूं नका. येत्या बाजाराच्या दिवशींच यादी चावडीवर वाचा.