शिट्ट्यांत मोजलेलं मटण

मंडळी, आधीच सांगतो, थोडं भांडायला आलोय.

पुण्याच्या एका लग्नात एका पाहुण्यांनी विचारलं, "तुम्ही हैदराबादचे लोक मटणात चिंच घालता म्हणे? मग ते तेलुगूच झालं की!" सगळे हसले. मीही हसलो, पण ते डोक्यात घोळत राहिलं.

आमच्या काचीगुड्याच्या घरी रविवारी मटण आठला शेगडीवर चढायचं आणि अकराच्या पुढेच उतरायचं. एक किलो मटणाला अर्धा किलो कांदा, उभा चिरलेला. तो लालसर झाला की आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि मटण. पाणी नाही. मटणाला स्वतःचं पाणी सुटतं, ते आटून कडेला तेल दिसेपर्यंत परतायचं. मग देगचीवर ताट आणि ताटात पाणी. आतली वाफ गार ताटाला लागून परत खाली टपकते, मटण आपल्याच रसात शिजतं, कांदा विरघळून जातो. रस कमी पडला तर ताटातलंच तापलेलं पाणी आत. गार पाणी ओतलं की आई खवळायची! शेवटी भाजलेले शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं यांचं वाटण आणि सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ.

आता बघा, हेच वाटण इथल्या बघाऱ्या बैंगनात पडतं आणि नांदेडकडच्या आमच्या आजीच्या भरल्या वांग्यातही पडायचं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होतं. नंतर रेष पडली, मराठवाडा तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. वाटण कुठल्या बाजूचं, कोण ठरवणार? पुण्याच्या आमटीत चिंच-गूळ चालतो, मग मटणातच चिंच परकी कशी?

असो. पाहुण्यांना नावं ठेवताना स्वतःचंही सांगायला हवं. आम्ही नवरा-बायको दोघं नोकरीला, त्यामुळे वीस वर्षं घरात कुकर. मटण, कांदा, पाणी एकदम, सहा शिट्ट्या. कुकरात पाणी आटत नाही, कांदा नुसता उकडतो, रस्सा पाणचट. आई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होती. मुकाट्यानं जेवायची. एकदाच म्हणाली, "शिजलंय रे, मुरलं नाही." मी म्हटलं, "वेळ कुणाला आहे, आई?"

ती गेल्यावर वर्ष उलटलं, तेव्हा तिची तांब्याची देगची माळ्यावरून काढली. कल्हई उडालेली, आणि चिंच घालायची तर कल्हई हवीच. कल्हईवाला शोधण्यातच आठवडा गेला. पहिल्या खेपेला मी क्रिकेट बघत बसलो, ताटातलं पाणी संपलं, तळ करपला. दुसऱ्या खेपेला जमलं. तेव्हा कळलं, खरं काम पहिल्या पाऊण तासाचंच. झाकण पडलं की अंघोळ करा, पेपर वाचा, मधूनमधून ताटाकडे बघा. वेळ नव्हता हे मी आईला खोटं सांगितलं होतं.

एरवी कुकर खुशाल लावा, माझी हरकत नाही. पण रविवारचं मटण तरी देगचीतच व्हावं, आणि पोरांना शेजारी उभं करून. पुतणीनं परवा फोनवर कृती विचारली, तिचा पहिला प्रश्न, "काका, शिट्ट्या किती?" तिला म्हटलं, रविवारी आठला घरी ये.

पुण्याचे ते पाहुणे दिवाळीनंतर येताहेत. चिंच जरा जास्तच घालणार आहे.